दीड भाकरीतली अर्धी कुठं गेली

म्हस्क्यांचा गहिनीनाथ पुण्याहून फोरट्रान शिकून आला, तेव्हा निम्म्या गावाला वाटलं की हे एखादं औषध असावं. रंगूआजीनं तर त्याला पारावर गाठून आपला गुडघाच दाखवला. "लई ठनकतो रं. तुझ्या फोरट्रानमधी काय उतारा हाय का?" गहिनीनाथनं तिला बैजवार समजावलं की फोरट्रान ही भाषा आहे, आणि ती माणसांशी नाही, पुण्यातल्या एका खोलीएवढ्या मशीनशी बोलायची असते. आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग त्या मशीनलाच इचार की गुडघ्याचं."

ही एकाहत्तर सालातली गोष्ट. आमचं गाव शेवगावच्या पलीकडं, जिथं डांबर संपतं आणि एसटीच्या ड्रायव्हरचं तोंड वाकडं होतं तिथून आणखी आत. गहिनीनाथ नगरला बीएस्सी झाला आणि तिथून पुण्याच्या एका संस्थेत हे कॉम्प्युटरचं शिकून आला. कोपरगावकडच्या कुठल्याशा साखर कारखान्यानं त्याला "जागा निघाली की कळवू" असं सांगितलं होतं. कारखान्यात तेव्हा कॉम्प्युटर नव्हताच, त्यामुळे जागा कशी निघणार हे त्या कारखान्यालाच ठाऊक. तोवर हा मोकळा. रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी, तसं त्याचं चाललं होतं. याच्या तुंबड्या तेवढ्या इंग्रजी होत्या.

अंगानं काटकुळा, कान मोठे, टेरिलिनचा एकच शर्ट आणि खिशाला दोन पेनं. दुसरं पेन कशाला, असं विचारलं तर म्हणायचा, "पहिलं बंद पडलं तर." लहानपणापासून त्याला प्रत्येक गोष्ट जागच्या जागी लागायची. आमच्याकडं आमटीत भाकरी कुस्करून खातात, त्याशिवाय जेवल्यासारखं वाटतच नाही. हा गडी मात्र भाकरी एका बाजूला, आमटी एका बाजूला, तुकडा मोडायचा, बुडवायचा, खायचा. कुस्करलं की दोन्हींचं दोन्हीपण जातं, असं त्याचं म्हणणं. लोक म्हणायचे, पोरगं हुशार आहे, पण त्याला जेवता येत नाही.

असा हा गहिनीनाथ एक दिवस आई लंकाबाईला घेऊन मला बघायला आला. बघायला म्हणजे काय, मी त्याच गावची, नदीवर-विहिरीवर दहांदा दिसलेली. पण रीत ती रीत. मी पोहे घेऊन आले, पाटावर बसले आणि मान खाली घातली. माझे वडील सहादेव नाना घोंगडीवर बसले होते. त्यांनी सुपारी कातरत विचारलं, "पुन्यात नेमकं काय शिकलास बाबा?"

गहिनीनाथनं घरात नजर फिरवली. फळीवर आईचे डबे ओळीनं मांडलेले होते. तो उठून उभाच राहिला.

"नाना, त्या मशीनला सोताची अक्कल न्हाई. त्याला आधी सांगावं लागतं, कुठल्या डब्यात काय पडनार. तेलाच्या बुधलीत आपून पीठ भरतो का? तसंच. त्याच्याकडं डब्यांचे परकार ठरलेले हायत. एक डबा पूर्णांकाचा. अख्खे आकडे. मानसं, बैलं, पोती. दीड बैल कुनी पाहिलाय का? दुसरा डबा दशांशाचा. त्यात अर्धं, पाव, सव्वा, समदं बसतं. दूध, तेल, पाऊस. तिसरा अक्षरांचा. नावं-गावं त्यात जात्यात."

"आन् एसटीचा नंबर?" नानांनी विचारलं. त्यांना वाटलं आपण कोंडीत पकडलं.

"तो बी अक्षरांच्या डब्यात. दिसायला आकडा हाय, पन दोन एसट्यांच्या नंबरांची बेरीज करून कुनाला काय मिळनार?"

नानांनी सुपारी तोंडात टाकली. हे त्यांना पटलं, पण पटलं असं दाखवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"चौथा डबा लई बारका," गहिनीनाथ म्हणाला. "त्यात दोनच गोष्टी बसत्यात. व्हय न्हाईतर न्हाई. तिसरं कायबी घालायला गेलं तर मशीन घेतच न्हाई."

मी खालमानेनंच हसले. कारण आमच्या नानांचं सगळं आयुष्य त्या तिसऱ्यावर उभं होतं. नाना आजवर कुणाला हो म्हणाले नव्हते आणि कुणाला नाही म्हणाले नव्हते. ते म्हणायचे, "बघू." शेवगावच्या बाजारात बैलाचा सौदा असो, चावडीवरचा तंटा असो, नाहीतर आईनं नव्या लुगड्याचं काढलेलं असो, उत्तर एकच. लोक म्हणायचे, यमदूत आले तरी नाना त्यांना "बघू" म्हणून ओट्यावर बसवून ठेवतील.

मग गहिनीनाथ माझ्याकडं वळला. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, असलं काही विचारेल म्हणून मी तयारच होते. त्यानं विचारलं, "तुझं वय कुठल्या डब्यात टाकशील?"

"पूर्णांकाच्या," मी म्हणाले. "बाईचं वय वरचे महिने तोडूनच सांगत्यात."

तो मोठ्यानं हसला. लंकाबाईनं त्याला कोपरानं ढोसलं, तरी हसतच राहिला. मला तो आवडला, हे सरळ सांगते. मला आतापर्यंत बघून गेलेल्यांपैकी कुणी माझ्या उत्तराला हसलं नव्हतं. उत्तर द्यावं असा प्रश्नच कुणी विचारला नव्हता.

पोहे संपले. गहिनीनाथनं नानांना विचारलं, "मंग नाना, आमचं काय? व्हय का न्हाई?"

"बघू," नाना म्हणाले.

आता नानांच्या बघूलाही कारणं होती. एक तर गावातल्या गावात सोयरीक म्हणजे पोरगी रोज रडत माहेरी येणार. दुसरं, पोराला नोकरी नाही. तिसरं कारण आई बायडाबाईचं होतं. तिचं म्हणणं, जो माणूस आमटी कुस्करून खात नाही, त्याचं कुणाशी जमायचं कसं. गहिनीनाथ मात्र दर दोन दिवसांनी नानांच्या वाटेत उभा राहायचा आणि विचारायचा, व्हय का न्हाई. नाना जेरीला आले. आणि नेमका त्याच सुमारास नाथांचा भंडारा जवळ आला.

आमच्या गावचा भंडारा म्हणजे आमटी-भाकरी. आमटी देवळापुढं गडीमाणसं मोठमोठ्या कढयांत करतात. भाकरी घरोघर बायका करतात आणि दुरड्या भरून देवळात आणून टाकतात. भंडाऱ्याचं सगळं नानांकडं असायचं. मागच्या वर्षी भाकरीचा एवढा ढीग उरला, की गावानं चार दिवस शिळं खाल्लं आणि शेवटी बैलांनीसुद्धा तोंड फिरवलं. नानांना त्यावरून वर्षभर टोमणे ऐकावे लागले होते. एकदा गहिनीनाथ वाटेत आडवा आला तेव्हा ते वैतागून म्हणाले, "एवढं हाय तर तुझ्या मशीनला इचार, यंदा भाकरी किती लागंल. बराबर आलं तर व्हय. चुकलं तर न्हाई. घे, तुझ्या बारक्या डब्यातलं उत्तर दिलं."

नानांच्या तोंडून व्हय आणि न्हाई एका दमात निघालेलं गावानं पहिल्यांदा ऐकलं. संध्याकाळपर्यंत सगळीकडं झालं, की सहादेवाची पोरगी भाकरीवर ठरणार. मी आईपुढं मान वर करून बसले. पण मनातून मला त्याचं बरोबर यायला हवं होतं.

गहिनीनाथ दुसऱ्या दिवसापासून घरोघर फिरू लागला. माणसं किती, आणि कोण किती भाकरी खातं. इथंच घोटाळ्याला सुरुवात झाली. आमच्याकडं भाकरी मोजत नाहीत. बाई तव्यावरून काढते, दुरडीत टाकते, वर फडकं झाकते. किती झाल्या असं विचारलं तर म्हणते, "हायत की." मोजली की बरकत जाते. आणि खाणाऱ्याची भाकरी मोजणं म्हणजे तर त्याच्या तोंडावर मारणं. हा पठ्ठ्या पुण्याच्या खानावळीत राहून आलेला. तिथं ताटात चपात्या मोजून पडतात आणि जास्तीची मागितली तर वाढपी वर बघतो. तो विसरून गेला की आपण कुठं आहोत.

लोकांनी उत्तरं तरी काय द्यावीत? तरणी पोरं पैज मारल्यासारखी सांगायची. लाजरे "दीड" म्हणायचे. मध्यम वयाचे "अडीच धर." म्हातारी माणसं "चतकोर." एकजण म्हणाला, "ते आमटीवर हाय." गहिनीनाथ सगळं मन लावून लिहून घेत होता. आमच्या दारात आला तेव्हा आई जात्यावर बसली होती. ती दळण न थांबवता म्हणाली, "आज भाकरी मोजतोय, उद्या पोरीचे घास मोजशील."

"मावशी, हे फकस्त मशीनसाठी हाय."

"मशीन जेवायला येनार हाय का?"

त्यानं पेन खिशाला लावलं. तो माझ्याकडं बघून गेला. मी आत जाऊन उगाच मडकी हलवली.

बायकांना ते मोजणं चांगलंच झोंबलं. विहिरीवर एकमतानं ठरलं की यंदा पाहुण्याची एक नाही, वाटसराची एक नाही, कुत्र्याची एक नाही. मशीन सांगेल तेवढीच थापायची, वर चतकोरसुद्धा नाही. आमच्या गावच्या बायका एरवी चार गोष्टींवर एक होत नाहीत, या एका गोष्टीवर झाल्या.

गहिनीनाथ पुण्याला गेला. तिथं त्याचा एक मित्र मशीनवर कामाला होता. भोकं पाडलेल्या जाड कार्डांची चवड त्यांनी रात्रपाळीत मशीनला खाऊ घातली. येताना त्याच्या मांडीवर कागदाची भली मोठी गुंडाळी होती. केडगावला एसटी थांबली तेव्हा कंडक्टर म्हणाला, ते टपावर टाक, तर हा म्हणाला, टपावर मला टाका, पण कागद आतच राहील. गावात आल्यावर त्यानं ती गुंडाळी देवळाच्या पायरीपासून उलगडली. ती पारापर्यंत गेली, आणि तिकडच्या टोकाला एक शेळी ती खाऊ लागली. सगळी नावं इंग्रजीत, समोर आकडे. गावातल्या कुणाला काही वाचता येईना, त्यामुळे सगळ्यांचा विश्वास बसला. गहिनीनाथनं खालची एकूण बेरीज तेवढी पाहिली, घरोघरचा वाटा पाडला आणि सांगून आला. मशीनचा आकडा मागच्या वर्षीच्या मानानं बराच कमी होता. नाना खूश झाले, पण "बघू"च म्हणाले.

भंडाऱ्याच्या दिवशी आमटीचा वास शिवारापर्यंत गेला होता. लाल तर्री, वर खोबऱ्याचं वाटण, आणि वाढपी पोरं बादल्या घेऊन धावत होती. पहिली पंगत उठली. दुसरी बसली. दुसरी अर्ध्यात असताना नाना ढिगावरचं फडकं उचलायला गेले आणि हात तसाच राहिला. फडक्याखाली ढीग नव्हताच. चार-दोन भाकऱ्या होत्या. अजून तिसरी पंगत बसायची होती, आणि त्यात बायका, म्हातारी माणसं आणि परगावचे पाहुणे होते.

आमच्या गावात भंडाऱ्याला भाकरी कधी कमी पडली नव्हती. उरली, वाया गेली, बैलांनी नाकारली, पण कमी पडली नव्हती.   नानांनी गहिनीनाथकडं पाहिलं.

तो धावत गेला, कागदाची गुंडाळी घेऊन आला आणि तिथंच मातीत गुडघे टेकून उलगडू लागला. बोट एकेका नावावरून खाली जात होतं. एका जागी थांबलं. तो वर बघून म्हणाला, "रंगूआजी, तू किती सांगितली हुतीस?"

रंगूआजी तिसऱ्या पंगतीसाठी आधीच जागा धरून बसली होती. "चतकोर. दात कुठं हायत मला?"

"हितं शून्य हाय."

"शून्य? आरं, मी जिती हाय अजून."

गहिनीनाथचा चेहरा उतरला. मग तो भराभरा बाकीची नावं बघू लागला. दीड सांगितलेल्यांपुढं एक होती. अडीचवाल्यांपुढं दोन. सगळ्या म्हाताऱ्यांपुढं शून्य.  काय झालं ते मला अजून कळलं नव्हतं, पण माझं लग्न त्या कागदातून खाली सांडत होतं, एवढं कळत होतं.

खरं तर नानांनी त्याला वाट काढून दिली. वरून कितीही ताठ असले तरी त्यांना पोरगं आवडू लागलं होतं. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मशीनच बिघडलं आसंल. पुन्याचा माल. तुझा काय दोष?" लोकांनी माना हलवल्या. त्यानं नुसतं हो म्हटलं असतं तरी निभावलं असतं.

गहिनीनाथ उभा राहिला. गुडघ्यांना माती लागलेली. "न्हाई नाना. मशीननं मी सांगितलं तेच केलं. मी भाकरीला पूर्णांकाचा डबा दिला. खानावळीत अख्ख्या चपात्या मोजायची सवय लागली हुती मला. त्या डब्यात दीड टाकली की एकच ऱ्हाते. वरची अर्धी पडून जाते."

"पडून जाती म्हंजी कुठं जाती?" कोणीतरी विचारलं.

"कुठंच न्हाई."

हे कुणालाच पटेना. रुपया हरवतो, म्हैस हरवते, पण कुठंतरी जाते. अर्धी भाकरी कुठंच न जाता जाते कशी? एकजण म्हणाला, मशीनच्या आत साठत असेल, उघडून बघायला पाहिजे. दुसरा म्हणाला, मशीन चालवणारे भुकेले नसतील कशावरून. गावाच्या इतक्या अर्ध्या पुण्यात राहिल्या म्हटल्यावर वाद पेटायला लागला. मशीन कशावर चालतं, हे इतके दिवस कुणाला कळत नव्हतं, ते आता काही जणांना कळलं.

गहिनीनाथ मात्र तिथं नव्हताच. तो देवळामागं, बायका बसल्या होत्या तिकडं गेला होता. तिथं तीन दगडांची चूल होती, तवा-परात होती, नाथांना वाहिलेल्या पिठाची पोती होती. त्यानं टेरिलिनच्या शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि परातीपुढं बसला.

"मावशी, पीठ द्या."

आई म्हणाली, "आता मोजून देऊ का?"

"मोजू नका. पुन्यांदा मी कवा मोजनार न्हाई."

पुण्याची खानावळ रविवारी संध्याकाळी बंद असायची, त्यामुळे त्याला भाकरी येत होती. येत होती म्हणजे काय, पहिली तालुक्याच्या नकाशासारखी झाली, एका बाजूला तडा गेला. पण तव्यावर टाकल्यावर टम्म फुगली. सगळ्या गावासमोर एक बीएस्सी झालेला गडी चुलीपुढं बसून, धुरानं डोळे लाल करून भाकरी थापत होता. बायका आधी तोंडाला पदर लावून हसल्या. मग एकीनं घरून आपली लाकडी काटवट आणली, दुसरीनं आणखी तीन दगड मांडून चूल पेटवली, आणि बघता बघता देवळामागं थापण्याचा एकच आवाज सुरू झाला. आईनं त्याच्या हातची तडा गेलेली भाकरी उचलली, उलटीसुलटी केली आणि दुरडीत बाजूला ठेवली. 

तिसरी पंगत पोटभर जेवली. नव्या ढिगातली पहिली भाकरी रंगूआजीला गेली. तिनं चतकोर खाल्ली आणि बाकीची पदरात बांधली.

ऊन कलल्यावर वाढणारे जेवायला बसले. गहिनीनाथ शेवटच्या पानावर होता. त्याच्यापुढं ताट होतं, पण तो हात लावत नव्हता. नाना समोर येऊन उभे राहिले. सगळं गाव ऐकत होतं, कारण सगळ्या गावाला अट माहीत होती.

"नाना," तो म्हणाला, "चुकलं. तुमी ठरल्यापरमानं न्हाई म्हना. मी पुन्यांदा वाटेत उभा ऱ्हानार न्हाई."

नानांनी तोंड उघडलं. न्हाई म्हणायचं होतं. शब्द दिला होता, तोही नाथांच्या भंडाऱ्यावर. पण चाळीस वर्षांची सवय.

"बघ..." नाना म्हणाले, आणि अडकले.

मला इतका राग आला, की काय सांगू. नानांचाही आला आणि त्याचाही. एक जण हो म्हणत नाही, दुसरा नाही मागतोय, आणि मला कुणी विचारतच नाही. दुरडीत फडक्याखाली एकच भाकरी उरली होती, त्याचीच, ती तडा गेलेली. आईनं ती कुणाच्याच पानात वाढली नव्हती. मी ती उचलली. सगळ्यांदेखत तिचे दोन भाग केले. एक त्याच्या ताटात ठेवला, आणि दुसरा घेऊन त्याच्या समोर मांडी घालून बसले आणि पहिला घास खाल्ला.

आमच्या गावात एक भाकरी दोघांत मोडून खातात ती नवराबायको. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासू ती मोडून देते. त्याआधी कुणी तसं करत नाही. आईनं पदर तोंडाला लावला. लंकाबाई उठून उभी राहिली. गहिनीनाथनं त्या अर्ध्या भाकरीकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि त्याचे डोळे भरून आले. या वेळी धूर नव्हता. त्यानं ती अर्धी भाकरी हातात घेतली आणि आमटीत कुस्करली.

"सापडली म्हनायची अर्धी," रंगूआजी म्हणाली.

नानांनी धोतराचा सोगा खोचला. मग त्यांनी जवळची बादली उचलली, पळी बुडवली आणि आधी त्याच्या ताटात, मग माझ्यापुढं आमटी वाढली.

"जेवा आता," ते म्हणाले. "बघायचं काय ऱ्हायलं न्हाई."